सासऱ्याच्या वाटची पोळी

बुरुलला शेजारची उल्कान आपा आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की बुरुल म्हणजे लोण्याच्या काळजाची बाई होती. तसलं काही नव्हतं. मधल्या कुंपणापलीकडून बारा वर्षं शिव्या खाल्लेल्या बाईला शिव्या देणारी आवडेलच कशी? रविवारी ख्रिस्ती मंडळी चालवणाऱ्या एसेनभाऊच्या घरी प्रार्थनेला जमलं की भाऊ दर खेपेला सांगायचा, शेजाऱ्यावर प्रेम करा, आणि ते तोंडानं नको, हातानं करा. बुरुल मान डोलवायची आणि मनात म्हणायची, भाऊ, तुझा शेजारी मधमाश्या पाळतो आणि हंगामात बरणी भरून मध आणून देतो. माझ्या शेजारणीजवळ चार दिवस राहून दाखव.

वैर सुरू झालं ते एका पोळीवरून. बिश्केककडच्या त्या मुसलमान गावात दर शुक्रवारी घरोघरी मेलेल्यांच्या नावानं टोकोच तळतात. जाडसर, तळहाताएवढ्या सात पोळ्या. तेलाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो, मागच्यांनी आठवण ठेवली हे त्यांना कळतं, आणि मग त्या पोळ्या जिवंत माणसं वाटून खातात. उल्कानचा नवरा वारला तेव्हा बुरुल आणि तिचा नवरा तुरात नुकतेच ख्रिस्ती झाले होते. अख्खं गाव उल्कानच्या घरी बसलं, पोळ्यांचं ताट फिरत आलं, आणि या दोघांनी हात मांडीवरून हलवले नाहीत. मेलेल्यांच्या नावाचं खायचं नाही, असं एसेनभाऊनं बजावून ठेवलं होतं. तुरातनं अगदी नम्रपणे "आम्ही नाही खात, आपा" म्हटलं. नम्रपणे म्हटलं म्हणून काय झालं? नव्या विधवेच्या हातची पोळी परत गेली ती गेलीच. तेव्हापासून उल्कानच्या तोंडी ही दोघं 'बाटगी' झाली.

आता तुरात अंथरुणाला खिळला होता. लिव्हर पार गेलं होतं. बिश्केकच्या डॉक्टरांनी 'घरी न्या, हवं ते खाऊ द्या' म्हणून सांगितलं, आणि त्याचा अर्थ न कळायला तुरात काही कुक्कुलं बाळ नव्हता. त्याचं एकच मागणं होतं. टेकडीवरच्या कब्रस्तानात त्याच्या आईशेजारची जागा रिकामी होती, तिथं त्याला जायचं होतं. पण बाटग्याला गावची माती द्यायची नाही, हे गावच्या म्हाताऱ्यांनी मागेच ठरवलं होतं. बुरुल त्यांच्या हातापाया पडली, तेव्हा त्यातल्या थोरल्यानं दाढी कुरवाळत पळवाट काढली.

"त्या जागेच्या दुसऱ्या अंगाला उल्कानचा नवरा आहे. ती हो म्हणाली तर आम्ही डोळेझाक करू."

घ्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, आणि तीही उंदरानं.

बुरुल विचारायचा धीर गोळा करत होती तोवर उल्कानच गोठ्याच्या दारात बर्फावरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. मुलगा आणि सून मॉस्कोत. पहिले दोन दिवस शेजारणी रस्सा घेऊन आल्या, मग जी ती आपापल्या घरच्या रहाटगाडग्याला लागली. कुंपणापलीकडून गाय हंबरायला लागली.

"जा ना," तुरात म्हणाला. "कास दाटलीय तिची. गाईला थोडंच ठाऊक आहे कोण बाटगं आणि कोण नाही ते."

"आत्ता गेले तर काय म्हणेल ती?"

"जे म्हणायचं ते म्हणेलच. नाही गेलीस तरी म्हणेल."

बुरुल बादली घेऊन गेली. उल्कान दारातच उभी होती, एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्यात काठी.

"आलीस? मी म्हणतच होते, अजून कशी आली नाही."

"गाईची धार काढून देते, आपा."

"कशासाठी ते मला माहीत आहे. नवऱ्याच्या खड्ड्यासाठी."

बुरुलनं गाईच्या पायांना दोरी बांधली. नाही म्हणावं तर खोटं होतं. नुसतं हो म्हणावं तर तेही पुरतं खरं नव्हतं, कारण ती दाटलेली कास बघून तिला गाईची खरोखरच कीव आली होती.

"बोल की. का तुमच्यात खोटं बोलायला मनाई आहे?"

"मनाई आहे, म्हणूनच गप्प आहे."

उल्काननं काठी जमिनीवर आपटली. "दूध गाळून ठेव," ती म्हणाली. "आणि माझ्या भांड्यांवर ते तुमचं पुटपुटू नकोस."

मग रोजचंच झालं. सकाळ-संध्याकाळ धार, विहिरीचं पाणी, चुलीतली राख, कोळशाची बादली. बदल्यात रोज काहीतरी नवं ऐकायला मिळायचं. जीभ हातात असती तर तीच आधी मोडली असती, असं बुरुल मनात म्हणायची आणि लगेच देवाची माफी मागायची. कधीकधी माफी मागायची राहूनही जायची.

शुक्रवारी ती गेली तेव्हा घरात करपलेल्या तेलाचा धूर कोंदला होता. उल्कान डाव्या हातानं कणीक मळू बघत होती. कणीक प्लास्टरला चिकटली होती, अर्धं पीठ जमिनीवर होतं आणि बाई रडत होती. बुरुलला बघून तिनं बाहीनं तोंड पुसलं.

"शेजारच्या कुणी दिल्या असत्या चार पोळ्या," बुरुल म्हणाली.

"त्यांच्या चुलीचा वास त्यांच्या मेलेल्यांना. माझ्यांना माझ्याच चुलीचा लागतो. पण तुला काय कळणार? तुझे मेलेले उपाशीच आहेत."

बुरुल उंबऱ्यात उभी राहिली. गाय पिळणं वेगळं आणि हे वेगळं. एसेनभाऊला कळलं तर काय म्हणेल, आणि भाऊचं राहू दे, प्रभू काय म्हणेल? समोर एक म्हातारी एका हातानं कणकेशी झुंजत होती. शेवटी बुरुलनं बाह्या वर केल्या.

"सरका, आपा. हात माझे, तेल तुमचं. नावं तुम्ही घ्या, मी फक्त तळते."

"तुझ्या हातचं पोचेल त्यांना?"

"माझ्या हातचं दूध पिताच आहात की तुम्ही."

उल्कान सरकली. बुरुल एकेक पोळी तेलात सोडत गेली आणि उल्कान नाव घेत गेली. आई, बाप, बहीण, पाळण्यातच गेलेलं लेकरू, नवरा, सासू. सातवीला तिचा स्वर एकदम कोरडा झाला.

"ही सासऱ्याची. जन्मभर माझ्या हातचं खाल्लं आणि जन्मभर नावं ठेवली. पण घालावी लागते."

तळून झाल्यावर तिनं मुद्दाम ताट बुरुलपुढे सरकवलं. "खा."

"नको, आपा."

"तळतेस पण खात नाहीस. अंगावर तेल उडालेलं मात्र चालतं." उल्कान कडवट हसली. "नवऱ्याला सांग, अजून काही मी हो म्हटलेलं नाही."

रविवारपर्यंत गोष्ट एसेनभाऊच्या कानावर गेली. त्यानं प्रार्थना संपल्यावर बुरुलला बाजूला घेतलं. "ताई, हे बरं नाही केलंत तुम्ही."

"तिचा हात मोडलाय, भाऊ."

"दया करावी, पण तिला काही हद्द असते."

"ती हद्द नेमकी कुठं असते ते कुंपणाशी येऊन दाखवा. आलात की एक वेळची धारही काढून द्या." भाऊनं घसा खाकरला आणि तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागला.

तुरातला हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि हसता हसता खोकत राहिला. मग म्हणाला, "बुरुल, माझ्या जागेसाठी जात असशील तर जाऊ नको. जायला पाहिजे म्हणून जात असशील तर जा."

"आणि दोन्हीसाठी जात असेन तर?"

"मग तुझं तुलाच ठाऊक," तुरात म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी तो गेला. गावात कुणी मेलं की अंगणात तंबू उभा राहतो, पुरुषमाणसं बाहेर उभी राहून मोठ्यानं रडतात. बुरुलच्या अंगणात तंबू आला नाही. म्हातारे उल्कानच्या दारात जमले आणि बुरुल त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. थोरल्यानं विचारलं, "काय म्हणतेस, उल्कान?"

उल्काननं बुरुलकडेच बघितलं. "गाय पिळलीस, पोळ्या तळल्यास. देव तुला त्याचं फळ देवो. पण नाही. बारा वर्षं ज्या वासाला त्यानं नाक मुरडलं, त्या वासात त्याला कशाला निजवता? माझ्या नवऱ्याला तो शेजार नको."

"आपा," बुरुल म्हणाली, "त्याची आई आहे तिथं."

"आई होती तेव्हाच विचारायचं होतं तिला, धर्म सोडू का म्हणून."

म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या आणि ते पांगले. त्यांना तेच हवं होतं, फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं. एसेनभाऊ गाडी घेऊन आला. तुरातला शहरातल्या रशियन कब्रस्तानात नेलं. गोठलेल्या जमिनीवर आधी लाकडं पेटवावी लागली, तेव्हा कुठं कुदळ आत गेली. एका बाजूला कुणी इव्हानोव, दुसऱ्या बाजूला नाव पुसलेली एक म्हातारी. आपल्या भाषेत त्याच्याशी दोन शब्द बोलेल असं तिथं कुणी नव्हतं.

घरी परतल्यावर बुरुलनं ठरवलं की पुन्हा त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. एक दिवस शेजारच्या कुणाच्या तरी पोरीनं उल्कानची धार काढली, दुसऱ्या दिवशी पोरगी आली नाही. शुक्रवार उजाडला. गाय हंबरायला लागली. बुरुल कानांवर रुमाल गुंडाळून बसली.

"प्रभू, आता तरी मला मोकळं कर," ती मोठ्यानं म्हणाली. "जे मागितलं होतं ते तर मिळालं नाही. आता त्या घरात माझं काय आहे?"

प्रभूनं उत्तर दिलं नाही. गाय मात्र हंबरत राहिली. बुरुल एवढी चिडली की तिनं बादली लाथेनं दारापर्यंत ढकलली, आणि मग उचलून घेतली.

धार काढून ती आत गेली. उल्कान थंड चुलीपुढे बसली होती.

"आता कशाला आलीस? खड्डा तर भरला."

"शुक्रवार आहे. पीठ कुठं आहे?"

उल्काननं काठी मांडीवर आडवी घेतली.  "मी माफी मागणार नाही," ती म्हणाली.

"मागूच नका. मागितलीत तर मला द्यावी लागेल, आणि आज ती माझ्याजवळ नाही."

उल्काननं काठीनं पिठाचा डबा दाखवला. बुरुलनं कणीक मळली, चूल पेटवली, कढई ठेवली. पोळ्या तेलात जात राहिल्या आणि नावं येत राहिली. आई, बाप, बहीण, लेकरू, नवरा, सासू. बुरुलनं सातवी उचलली.

"थांब," उल्कान म्हणाली. "सासऱ्याची राहू दे."

"सात लागतात ना?"

"सातच लागतात. त्यानं पुष्कळ खाल्लंय, एक शुक्रवार उपाशी राहिला तर मरत नाही." ती चुलीकडे बघत बोलत होती. "ही तुरातची."

बुरुलचा हात कढईवर तसाच राहिला. "तो खात नव्हता, आपा."

"मला सांगतेस? माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे ते? नाही खाल्ली तर नाही. पण तिकडं परक्यांत एकटा पडलाय मेला. शेजारच्या घरचा वास तरी ओळखू येईल त्याला. टाक, तेल जळतंय."

बुरुलनं पोळी तेलात सोडली. वास मेलेल्यांपर्यंत पोचतो, यावर तिचा विश्वास नव्हता, तेव्हाही नव्हता आणि आताही नव्हता. तरी तिनं ती पोळी दोन्ही अंगांनी नीट लालसर होऊ दिली. उल्काननं डाव्या हातानं तिचे दोन तुकडे केले, एक बुरुलपुढे ठेवला आणि या वेळी खा म्हटलं नाही.

एसेनभाऊचं रविवारी बघता येईल, असं म्हणून बुरुलनं घास मोडला. तिनं तो चावून गिळला. उल्कानही चावत होती.

"मीठ कमी घातलंस," ती म्हणाली.