मधमाश्यांचा टेम्पो

मित्रांनो, घरामागच्या पत्र्याच्या छपराखाली निळा रंग उडून पहाटेसारखा फिकट झालेला जो डिझेलचा टेम्पो उभा दिसतो, तो मी. माझ्या अंगाला मधाचा आणि धुराचा वास येतो. आता तोच माझा वास झाला आहे.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथे लोखंड लोखंडाशी बोलत असे. माणसांचे बोलणे त्यात बुडून जाई. तिथून मी एका फर्निचरच्या दुकानात आलो. कपाटे, पलंग आणि उंच आरसे वाहिले. आरसा पाठीवर असला की मागे पडणारा सारा रस्ता त्यात उतरे आणि आपण एक गाव उचलून नेत आहोत असे मला वाटे. पुढे दुकानात नवी गाडी आली. माझी किल्ली खिळ्यावर टांगली गेली आणि मी गोदामाच्या मागे गवतात उभा राहिलो. चाकांतली हवा गेली, पुढच्या दिव्यात कोळ्याने जाळे विणले. विसरले जाणे किती हळू घडते, हे मला तिथे कळले.

मग एक मधपाळ जोडपे मला पाहायला आले. मधपाळ म्हणजे मधमाश्या पाळणारी माणसे. बाईंनी ओढणीने माझी काच पुसली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बिचारा किती दिवस एकटा उभा आहे. घेऊन जाऊ या ना!" त्या घरात बाईंना सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो.

त्यांचे काम फुलांच्या मागे जाण्याचे. एका रानातला बहर सरला की माश्यांच्या पेट्या दुसऱ्या बहराकडे न्यायच्या. संध्याकाळी सगळ्या माश्या परतल्या की पेटीचे दार बंद करायचे, वर हवेसाठी जाळी ठेवायची आणि उन्हे तापण्याआधी नव्या जागी पोचायचे. पाठीवर हजारो पंखांची गुणगुण घेऊन पहाटेच्या रस्त्याने जाणे! मित्रांनो, आरशांपेक्षा हे ओझे मला हलके वाटले.

वहिनींना एकच खोड होती. पेटीला कुठे फट दिसली की त्या मेणाने बुजवत, आत मुंग्या शिरू नयेत म्हणून. हळूहळू घरातल्या प्रत्येक फटीवर त्यांचा हात जाऊ लागला. बादली, कपाट, खिडकीची चौकट, सगळीकडे मेण. "उद्या माझ्या कानातही मेण भराल," असे त्यांचे यजमान म्हणत.

गेल्या उन्हाळ्याच्या तडाख्यात त्यांच्या बऱ्याच पेट्या रिकाम्या झाल्या. उरल्या तेवढ्या एका संध्याकाळी दारे बंद करून माझ्यावर चढवल्या. इथला बहर संपला होता. दूरच्या बागेत फुले उमलली होती. यजमान पेट्यांसाठी जागा तयार करायला पुढे गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी माझ्यात बसल्या, शेजारी त्यांची नणंद. ती बस आगारात इंजिने दुरुस्त करते आणि सुट्टीला माहेरी आली होती.

किल्ली फिरली. स्टार्टरने मला गरगर फिरवले. पण आत ठिणगीइतकीही ऊब पेटली नाही. पुन्हा किल्ली. पुन्हा नुसतेच फिरणे.

"काल येतानाच चढावर धापा टाकत होता," वहिनी म्हणाल्या. "वन्सं, बॅटरी गेली का हो?"

"बॅटरी गेली असती तर एवढा फिरला असता का? थांब, तू किल्ली मार, मी मागे बघते." नणंद उतरली. "धूर नाही गं वहिनी! जरासुद्धा धूर नाही."

"धूर हवाय? माश्या शांत करायचा धुराचा डबा देऊ?"

"दे, तोच लाव इंजिनला! अगं, धूर नाही म्हणजे डिझेल आत पोचतच नाहीये. टाकीत आहे ना?"

"परवाच तर भरली. काटा बघा की, वर आहे."

त्या काट्यावर विश्वास ठेवून कोणी टाकीकडे फिरकले नाही. नणंदेने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला आणि डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप दाबला. पंप दाबलेलाच राहिला. वर यायला तयार नाही.

एव्हाना ऊन भिंतीवरून उतरून पहिल्या पेटीपर्यंत आले होते. माझ्या पाठीवरची गुणगुण चढू लागली, तिला धार आली. वहिनींनी ओली पोती पेट्यांच्या भोवती अडकवली.

"दारं उघडू का? गुदमरतील हो पोरी!"

"उघडल्यास तर जातील कुठे? इथे एक फूल उरलंय का? आणि रस्त्यातली माणसं? जरा धीर धर." नणंद जमिनीवर आडवी झाली. "मागून कुणीतरी डिझेल ओढून धरलंय. नळीच बघत जाते."

तिचा हात नळीवरून सरकत, प्रत्येक जोड चाचपत मागे आला आणि टाकीच्या झाकणावर थांबला.

"वहिनी, हे पिवळं काय लावलंयस?"

"मेण. त्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करायला बघत होती. परवा बुजवलं."

"अगं बाई! ते भोक टाकीचं नाक आहे! डिझेल जातं तेवढी हवा तिथून आत यायला लागते."

तिने झाकण फिरवले. मी इतका दीर्घ श्वास घेतला की दोघींनाही ऐकू आला. वहिनींनी केसांतली पिन काढून ते मेण कणाकणाने उकरले. "आणि मीच पेट्यांवर हवेसाठी जाळ्या लावत फिरते," एवढेच त्या म्हणाल्या.

"आता रडत बसू नकोस, किल्लीपाशी जा!"

हातपंप या वेळी वर आला. आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला गेला, किल्ली फिरली. मी खोकलो, थरथरलो आणि धडधडू लागलो.

बागेत पोचेपर्यंत उन्हे तापलीच होती. पेट्या उतरवून एकेक दार उघडले, तशा माश्या उसळून बाहेर आल्या. फक्त मधली एक पेटी गप्प राहिली. वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी पेटीला कान लावला. बऱ्याच वेळाने एक माशी दारात आली आणि पंख पुसून उडाली. तिच्यामागे दुसरी. वहिनी हसल्या, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

मित्रांनो, माझे मागणे लहानसे आहे. यंत्राची सगळी भोके गळकी नसतात. बुजवण्याआधी भोक कशासाठी आहे, एवढे विचारा. आणि किल्ली फिरवल्यावर गरगर फिरूनही कोणी सुरू होत नसेल, तर त्याला हट्टी म्हणून लाथ मारू नका. घरात, वर्गात, रस्त्याच्या कडेला असे कोणी भेटेलच. तो फिरतो आहे म्हणजे त्याला निघायचे आहे. त्याच्याजवळ खाली वाका, आणि कुठे अडले आहे ते हाताने चाचपत जा.