एकदाच दाबायचं बटण

अशी कल्पना करा, की तुम्ही सगळी मुलं एका खोलीत बसला आहात. प्रत्येकाच्या हातात पाटी, पाटीवर उत्तर. समोरच्या भिंतीला एकच खिडकी आणि खिडकीमागे एकच कारकून. सरांनी टाळी वाजवली की सगळ्यांनी आपापली पाटी त्या खिडकीतून आत सरकवायची. एकेक करून गेलात तर कारकून भराभर पाट्या घेईल. पण सगळे एकदम गेलात तर? थोड्या पाट्या तो घेईल, थोड्या हातातून निसटतील, आणि क्षणभर तो बिचारा नुसता बघतच राहील.

संगणकाला अशी खिडकी असते. तिला नेटवर्क कार्ड म्हणतात. खिडकीमागच्या कारकुनाला काम शिकवणारी जी छोटी आज्ञावली असते, ती ड्रायव्हर. कारकून नीट शिकलेला नसेल तर खिडकी कितीही मोठी करा, माल आत जात नाही.

नाशिकच्या अंबड भागातल्या एका लहानशा कंपनीत साधना बोरस्तेचं काम हेच होतं: ड्रायव्हर सुधारून आला की तो तपासायचा. माहेर निफाडचं, सासर सिडकोतलं, आणि दिवस जायचा टेबलावरच्या वायरींच्या गुंत्यात. कंपनी शाळांसाठी एक पेटी बनवायची. पेटीत सगळे धडे आणि चाचण्या भरलेल्या. वर्गातले संगणक वायरीने पेटीला जोडायचे, म्हणजे जिथे इंटरनेट पोचत नाही तिथेही मुलांना शिकता येतं. साधनाला हे काम मनापासून आवडायचं. घरी कुणी विचारलं तर ती सांगायची, मी शाळेत शिकवत नाही, पण शाळा माझ्या हातून जाते.

आज मात्र ती पेठच्या पुढे, घाटाखालच्या एका निवासी शाळेच्या संगणक खोलीत उभी होती.

तक्रार साधीच होती. शाळेचे गावित सर फोनवर म्हणाले होते, की पेटी छान आहे, पण चाचणीच्या वेळी जरा अडते. ड्रायव्हर लिहिणाऱ्या रोहितने तो पुन्हा दुरुस्त केला. साधनाने जुना आणि नवा असे दोन्ही टेबलावर तपासले. दोन्ही सारखेच पळाले. दोष दिसेचना, मग दुरुस्ती बरोबर की चूक हे ठरवणार कसं? म्हणून ती शाळेतच जाऊन बघायला निघाली.

पण बसमध्ये बसल्यापासून तिला एक संध्याकाळ आठवत होती. हा जुना ड्रायव्हर तपासताना एकदा पडद्यावरचा वेगाचा आकडा एकदम खाली कोसळला होता. शून्यावर टेकला, थोडा वेळ तिथेच बसला, मग वर आला. माल दुसऱ्या दिवशी रवाना व्हायचा होता. हेल्मेट हातात घेऊन दारात उभा असलेला रोहित म्हणाला होता, वायर हलली असेल, पुन्हा चालव. तिने पुन्हा चालवला. या वेळी छान पळाला. तिने तोच आकडा धरला आणि पेट्या शाळांकडे गेल्या.

वायर हलली नव्हती. ती त्या वायरीकडेच बघत होती.

गावित सरांनी मुलांना आत घेतलं. मुलं चपला बाहेर ओळीत काढून आली आणि मांडीवर हात ठेवून बसली. सर शिस्तीचे, पण रागीट नव्हते. आधी मुलं बटणं धडाधड बडवायची, बटणं तुटायची, म्हणून त्यांनी नियम केला होता: उत्तर लिहा, थांबा, टाळी वाजली की बटण दाबा. एकदाच.

साधनाच्या डोक्यात तिथेच काहीतरी लखकन झालं. तिच्या टेबलावर माल कसाही, मागेपुढे येत असे. सगळ्यांनी एका टाळीला बटण दाबायचं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. वर्गात मात्र ते रोज घडत होतं.

जुना ड्रायव्हर तसाच ठेवून एकदा चाचणी घेऊ, असं तिने सुचवलं. पण सगळे संगणक चालू हवेत, आणि शेवटची खुर्ची रिकामी दिसत होती.

"ती संध्याची," सर म्हणाले. "संध्या भोये. वहीत हुशार आहे, पण यंत्रापुढे बसली की काय होतं कुणास ठाऊक. दर चाचणीला भोपळा. रडायची. मग म्हटलं, नको छळायला पोरीला. या तासाला ती स्वयंपाकघरात मदत करते."

संध्याला बोलावणं गेलं. सातवीतली, काटक, केसांना घट्ट लाल रिबिनी. हात फ्रॉकला पुसत आली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. साधना तिच्या मागे उभी राहिली. पडद्यावर अपूर्णांकांची बेरीज होती. संध्याने ओठ हलवत हिशेब केला, उत्तर लिहिलं. बरोबर होतं. मग बोट बटणावर ठेवून सरांच्या हाताकडे बघत राहिली.

टाळी वाजली. संध्याचं बोट त्याच क्षणी खाली गेलं.

पडद्यावर चकती फिरू लागली. तिच्याच नव्हे, अर्ध्या वर्गाच्या पडद्यावर फिरू लागली. मागच्या रांगेतल्या पोरांनी सरांची पाठ वळलेली बघून बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि त्यांच्या पडद्यांवर उत्तर पोचल्याची हिरवी खूण आली. एकाने तर टाळी संपल्यावर जांभई देत दाबलं, त्यालाही आली. ज्या पोरी सांगितल्याप्रमाणे वागल्या, त्यांच्या चकत्या फिरतच राहिल्या. काहींनी बाजूच्याचं बघून हळूच दुसऱ्यांदा दाबलं. संध्याने बोट उचललं, हात मांडीवर ठेवले आणि ती वाट बघत बसली. आज्ञावली थोडा वेळ थांबते. तेवढ्यात उत्तर पोचलं नाही तर पाटी कोरीच होती असं धरते. पडद्यावर शून्य आलं.

"पुन्हा का नाही दाबलंस?" साधनाने विचारलं.

"सरांनी एकदाच सांगितलंय." संध्या उठली. खुर्ची नीट आत सारली. "मला नाय जमत मॅडम हे. मी जाऊ? तांदूळ निवडायचेत."

आणि ती गेलीसुद्धा.

साधना त्या शून्याकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी टेबलावर तिला दिसलेलं शून्य ते हेच. साधनाला मात्र दुसऱ्यांदा चालवून बघायला कुणी मनाई केली नव्हती.

तिने नवा ड्रायव्हर पेटीत चढवला आणि स्वतः संध्याच्या खुर्चीत बसली. सरांनी टाळी वाजवली. चकती दिसायच्या आतच हिरवी खूण आली, सगळ्यांना आली. मुलांनी बाकं वाजवली. साधनाने पुन्हा टाळी वाजवायला लावली. मग पुन्हा. एकदा छान पळालं म्हणून आज तिचा विश्वास बसत नव्हता. सरांचे तळवे लाल झाले, मुलांना आता याची गंमत वाटू लागली, आणि मागचा एकजण म्हणाला, की मॅडमनं आज सरांनाच शिक्षा केली. तेव्हा कुठे ती थांबली.

बाहेर व्हरांड्यात येऊन तिने रोहितला फोन केला. तो खूश झाला. सगळ्या शाळांना नवा ड्रायव्हर पाठवू, म्हणाला. तिने संध्याचं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला:

"अगं, पण आता झालं ना नीट? निघ तू. त्या पोरीला काय सांगणार, आणि तिला कळणार तरी काय?"

पेठची बस यायला अवकाश होता. सर चहा आणायला सांगत होते, आभार मानत होते. नुसतं 'सुधारणा केली' म्हणून निघून जाणं किती सोपं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. साधनाने पर्स खांद्याला लावली. मग ती पुन्हा खुर्चीवर ठेवली आणि सरांना सगळं सांगितलं, त्या संध्याकाळच्या आकड्यासकट.

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काच पुसत होते.

"आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "म्हटलं, बटणच दाबत नसेल."

दोघं स्वयंपाकघरात गेले. चुलीशी धोंडाबाई आमटीला फोडणी देत होती. खाली गोणपाटावर संध्या सूप घेऊन बसली होती. साधना तिच्यासमोर बसली. व्हरांड्यातून येताना वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"संध्या, तुझं आजचं उत्तर बरोबर होतं. मी पाहिलं. ते पेटीपर्यंत पोचलंच नाही. ती पेटी चांगली आहे असं मी सांगितलं होतं. तपासताना ती एकदा अडली होती, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं. तू बटण बरोबर दाबत होतीस. चूक माझी आहे."

संध्याने सुपावरून नजर उचलली नाही. धोंडाबाईने मात्र पळी खाली ठेवली.

"म्हंजी पावसाळाभर ही पोर माझ्यासंगं खडे येचत बसली, ते तुमच्या पेटीमुळं?"

साधनाने होकारार्थी मान हलवली.

"रोज मला इचारायची, मावशी, मी येडी हाय का म्हनून."

आमटी रटरटत होती. मग संध्यानेच हळू आवाजात विचारलं, "आधीचे भोपळे? त्यातली उत्तरं बघता येतील?"

"नाही गं," साधना म्हणाली. "ती कुठेच उरलेली नाहीत. मला परत आणता येत नाहीत."

संध्याने त्यावर थोडा विचार केला. सर म्हणाले, की चल, तुझी खुर्ची तुझीच आहे, आज आणखी एक चाचणी घेऊ. धोंडाबाई म्हणाली, जा गं, ऱ्हाऊ दे ते. संध्या उठली, पण सूप तिने खाली ठेवलं नाही. दोन्ही हातांनी तोलत, तांदळाचा दाणा न सांडता, ती व्हरांड्यातून चालत गेली. सूप बाहेर ठेव, असं सर दारात म्हणाले. तिने सरांकडे पाहिलं, साधनाकडे पाहिलं, आणि आत जाऊन खुर्चीवर बसून सूप मांडीवर घेतलं.

तिने उत्तर लिहिलं. बोट बटणावर ठेवलं. टाळी वाजली, त्याच क्षणी दाबलं, एकदाच. हिरवी खूण उमटली. संध्याने ती पाहिली. मग पुढचा प्रश्न येईपर्यंत ती मान खाली घालून तांदळातले खडे वेचू लागली.