हवेची टाकी

पंपघराच्या दारातून हिरवट-पिवळा धूर जमिनीलगत सरपटत बाहेर येताना गावच्या पाणी समितीच्या अध्यक्षबाईंनी पाहिला. पाण्यात मिसळायच्या क्लोरीनचं सिलिंडर त्या दाराला लागूनच होतं. आणि त्यांचा थोरला भाऊ, गावचा पंपवाला, आत होता.

तो जिवंत आहे एवढं कळत होतं. आतून पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर ठोकल्याचा आवाज येत होता. म्हणजे लोखंडी शिडीने तो वर चढून बसला असणार. हा वायू जड, तळाशी बसतो, हे गावाला शिकवलेलं होतं.

शिकवलं होतं विभागीय पाणी आयोगाने. एवढ्याशा गावाला स्वतःचा इंजिनिअर कुठून परवडणार? म्हणून आसपासच्या सगळ्या खेड्यांना मिळून हा आयोग. त्याचा माणूस यायचा, सराव घ्यायचा, आणि कुणी हसलं की म्हणायचा, "पुन्हा एकदा." गावाने त्याचं नावच 'पुन्हा एकदा' पाडलं होतं. आयोगाने प्रत्येक गावाला एक श्वासाचा संच दिला होता. तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेची टाकी. असा प्रसंग आला तर आत शिरायला.

बाई कचेरीत धावल्या. म्हाताऱ्या चिटणीसांनी काचेचं कपाट उघडलं. पाहुण्यांना दिसावा म्हणून संच दर्शनी भागातच मांडलेला.

"काका, हवेचा काटा शून्यावर आहे!"

"असा कसा? मी तर एकदाच घातला होता. तोही पोट आत घेऊन."

संच आला त्या दिवशी एकेका सभासदाने तो चढवून फोटो काढून घेतला होता. सगळ्यात आधी बाईंनी. टाकीत हवा मोजकी असते आणि ती पुन्हा भरून आणावी लागते, हे फोटोच्या नादात कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

बाईंनी आयोगाच्या त्याच माणसाला फोन लावला.

"टाकी रिकामी आहे, साहेब. मी ओला पंचा तोंडाला बांधून जाते."

"नाही जायचं."

"माझा दादा आहे आत!"

"म्हणूनच सांगतोय. पंच्याने हा वायू अडत नाही, एकाऐवजी दोन माणसं मरतील. लोकांना चढावर न्या, वारा पाठीवर येईल असं उभं करा. दवाखान्याची गाडी निघाली. शेजारच्या गावालाही कळवलंय, ते भरलेला संच घेऊन येतायत."

शेजारचं गाव! आयोगाच्या मागच्या बैठकीत बाई त्यांच्या अध्यक्षांना सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे माणसांपेक्षा सूचनांच्या पाट्याच जास्त." तेव्हापासून बोलणं बंद. ते कशाला येतील?

चढावर उभ्या राहून त्यांनी रस्त्याकडे डोळे लावले. खाली ठोकणं चालू होतं, मग अडखळत चालू होतं, मग थांबलं. बाई उताराकडे धावल्या, तसं चिटणीसांनी त्यांचा दंड धरला. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"सोडा मला!"

"नाही सोडत. मारा हवं तर."

तेवढ्यात शेजारच्या गावची गाडी येऊन थांबली. शेजारचे अध्यक्ष धापा टाकत उतरले, मागोमाग त्यांची सून. संच तिने वाटेतच चढवला होता. काटा भरलेला आहे हे बाईंनी स्वतः वाकून पाहिलं.

"आमच्या पाट्या वाचत आलो, बाई, म्हणून उशीर," अध्यक्ष म्हणाले, पण त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. सुनेच्या कमरेला दोर बांधून ते म्हणाले, "पोरी, भलतं धाडस नको गं. मी दोर ओढला की मागे फिरायचं. तू हिसका दिलास की आम्ही खेचू."

ती धुरात शिरली. दोर अध्यक्षांच्या हातात, त्यांच्यामागे बाईंच्या. दोर सरकत आत गेला, थांबला, आणि सैल पडला.

"ओढू?" बाईंनी विचारलं.

"थांबा." अध्यक्षांनी दोर घट्ट धरला. "शिडी चढत असेल."

असेल. नसेल तर आपल्या फोटोपायी दुसऱ्याच्या घरची सूनही गेली. बाईंना श्वास घेता येईना, आणि वारा तर स्वच्छ होता.

दोराला हिसका बसला. दोघं मिळून खेचू लागले. धुरातून आधी मुखवटा दिसला, मग तिच्या खांद्यावर रेललेला दादा. पाय फरफटत होते, पण टाकत होता.

"दोघं बाहेर?" चालूच ठेवलेल्या फोनमधून आयोगाच्या माणसाचा आवाज आला.

"दोघं."

"त्याचे कपडे बदला. आडवा करू नका, बसवा. डोळ्यांवर पाणी सोडत राहा. आता बरा दिसला तरी दवाखान्यात न्यायचाच. हा वायू मागाहून छातीत उतरतो."

बाईंनी तांब्या घेतला. निम्मं पाणी दादाच्या मांडीवर सांडत होतं. दादाने चाचपडत त्यांचं मनगट धरलं आणि तांब्या आपल्या डोळ्यांवर नेला. त्याची छाती शिट्टी वाजल्यासारखी वाजत होती. दवाखान्याची गाडी येईपर्यंत बाई ती शिट्टी कान देऊन ऐकत राहिल्या. जरा हळू झाली, की त्या त्याला हलवत.

"दादा, घे ना रे श्वास. घे."