कणकेची माशी

चला, उठून उभे राहा. मनातल्या मनात नाही, खरंच उभे राहा. आता समजा, तुमच्या घोट्यांवरून नदीचं पाणी वाहतंय. तळव्यांखाली गुळगुळीत गोटे आहेत आणि त्यातला एक डुगडुगतोय. हातात लांब, लवचीक काठी आहे. समोर खडकाच्या सावलीत मासे आहेत आणि तुम्हाला अजिबात हलायचं नाहीये. नाक खाजलं तरी नाही. किती वेळ जमेल?

ऋचाला मुळीच जमायचं नाही.

"त्या बगळ्याकडे बघ," उषाआत्या काठावरून म्हणायची. "तो नाचतोय का असा?"

"त्याला काय, आत्या! त्याला शाळा नसते. तो रोजच येतो. माझा संडे एकच आहे."

ऋचा अकरा वर्षांची. भोपाळला कोटरा सुल्तानाबादमध्ये राहते. बसली की तिचा गुडघा हलतो, उभी राहिली की पायाचा अंगठा. तिची उषाआत्या वीजघरात यंत्रं बसवायचं काम करायची. नोकरीतली बरीच वर्षं ती हिमाचलमध्ये होती आणि तिथल्या थंडगार नदीत ट्राउट नावाचा मासा धरायला शिकली. आता निवृत्त होऊन ती भावाकडे, म्हणजे ऋचाच्या घरी आली होती. सोबत दोन सुटकेसा, एक दुखरा गुडघा आणि ती लांब काठी.

हा मासा धरायची तऱ्हाच वेगळी. गळाला गांडूळ लावायचं नाही, खाऊ लावायचा नाही. कोंबडीचं पीस, थोडा दोरा, थोडी लोकर घेऊन गळावरच एक खोटी माशी बांधायची. ती इतकी हलकी असते, की दगडासारखी भिरकावता येत नाही. भिरकावायचा असतो तो जाड दोर. काठी मागे न्यायची, दोर पाठीमागे हवेत पूर्ण उलगडू द्यायचा आणि मगच पुढे आणायची. सगळ्यात शेवटी ती माशी पाण्यावर उतरते, जणू आपणहून पडली.

"मग पाणी फुटतं," आत्या सांगायची. "अंगावर लाल ठिपके असतात त्याच्या. काठी वाकते, आणि आपल्या हातात नदीच धडधडतेय असं वाटतं. मग हात ओला करायचा, पाण्यातच गळ काढायचा आणि सोडून द्यायचा."

"सोडायचा का पण?"

"पुढच्या वर्षी पुन्हा भेटावा म्हणून."

भोपाळच्या कोमट पाण्यात ट्राउट जगत नाही. पण शहराबाहेर, टेकड्यांमधून येणाऱ्या एका छोट्या नदीत चिलवे होते. चिलवा म्हणजे बोटाएवढा चकचकीत मासा, पाण्यावर पडलेला किडा टिपणारा. आत्याने ऋचाला शब्द दिला होता. ऋचाने स्वतः किडे पाहून माशी बांधायची, त्या माशीवर एक चिलवा धरायचा आणि जिवंत सोडायचा. तेवढं जमलं, तर मे महिन्यात आत्या तिला हिमाचलला नेणार, ट्राउटच्या नदीवर.

ऋचाला दुसरं काही सुचेनासं झालं. शाळेत पेन हातात घेऊन ती मनगट मागेपुढे करायची. तिच्या बाकावरच्या मुलीने दोनदा जागा बदलून मागितली.

नदीवर मात्र गाडी अडायची. दोर मागे उलगडायच्या आतच ऋचा काठी पुढे ओढायची. फट् असा आवाज व्हायचा आणि माशी मागच्या करंजाच्या झाडात.

"मागे थांब, बाई, मागे थांब! झाडावर काय मासे पिकवणार आहेस का?"

घरी दादा वाटच बघत असायचा. "काय मग, आज काय पकडलं? करंज की बाभूळ?" मंदार विचारायचा. ऋचा उशी फेकायची. ती मात्र बरोबर लागायची.

त्यात आत्याचा एक नियम होता. काठी पिशवीतून काढण्याआधी ओघातले दोन-तीन दगड उलटायचे. खालच्या बाजूला तीन शेपट्यांचे इवलेसे किडे चिकटलेले असायचे.

"हे घाणेरड्या पाण्यात टिकत नाहीत," आत्या म्हणायची. "हे असले की नदीची तब्येत बरी आहे. हे नसले की काठी बांधायची आणि घरी जायचं. आजारी माणसाच्या घरी जाऊन आपण जेवायला मागतो का?"

मग दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेवायचा. ऋचाला तेवढाही धीर नसायचा. ती तो टाकून द्यायची आणि आत्या वाकून पुन्हा नीट ठेवायची.

ऋचाची आई दर सोमवारी मोठ्या तळ्यावर जायची. घरात कणीक मळली की त्यातल्या थोड्या गोळ्या माशांसाठी. माशांना खाऊ घातलं की पुण्य लागतं, असं ती नागपूर सोडून भोपाळला येताना तिच्या सासूने तिला सांगितलं होतं. एका सोमवारी ऋचा सोबत गेली. पायरीवरून गोळी टाकली मात्र, पाणी नुसतं उकळल्यासारखं झालं. माशांवर मासे. कुणाला थांबायला लागलं नाही, कुणी हलू नको म्हटलं नाही.

तुमच्या डोक्यात काय आलं असतं? तेच तिच्याही आलं.

पुढच्या रविवारी तिने आईला सांगून थोडी जास्त कणीक मळून घेतली आणि खाऊच्या डब्याखाली दुसरा डबा ठेवला. आत्या गुडघ्याला तेल चोळत बसली तशी ही वळणापलीकडच्या डोहावर गेली आणि गोळ्या टाकल्या. चिलवे आले. तिने घाईघाईने आपली तपकिरी माशी सोडली. माशांनी ती पाहिली आणि पाठ फिरवली. त्यांना कणीक हवी होती.

म्हणून तिने आणखी टाकली. मग दर रविवारी टाकू लागली. सवय लागेल, मग येतील, असं तिला वाटत होतं. आत्याला यातलं काही माहीत नव्हतं. डोहाकडची वाट दगडांची होती आणि तिचा गुडघा तिथे ऐकत नसे. ती वरच्या ओघातलेच दगड उलटायची.

एप्रिल लागला. ओघ बारीक झाला, डोहात पाणी येई ते एखाद्या नळाच्या धारेएवढं. मेची सुट्टी जवळ आली आणि ऋचाची झोप उडाली. शनिवारी संध्याकाळी तिने आईच्या लोकरीतला पांढरा धागा घेतला, गळावर गुंडाळला, बोटांनी वळून गोल केला. हुबेहूब कणकेची गोळी.

रविवारी ती डोहापाशी पोचली तेव्हा पाण्याला आंबूस वास येत होता. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. काठी मागे नेली. घाईत होती, पण पाय घसरला म्हणून क्षणभर अडली आणि तेवढ्यात दोर मागे सरळ उलगडला. पांढरी माशी अलगद पाण्यावर उतरली.

पाणी फुटलं! काठी थरथरली.

"आत्याऽऽ! आत्या, ये ना! आला, आला!"

आत्या दुखरा गुडघा धरून दगडांवरून कशीबशी आली. ऋचाने हात ओला केला, थरथरणारा चिलवा पाण्यातच मोकळा केला. तो एका कुशीवर कलला, मग सरळ झाला आणि गेला.

"शाब्बास गं माझी वाघीण!" आत्याने टाळ्या वाजवल्या. "आजच तुझ्या बाबांना तिकिटं काढायला सांगते. बघू माशी. कोणता किडा पाहून बांधलीस?"

ऋचाने दोर पाठीमागे घेतला. आत्याचं लक्ष मात्र दुसरीकडे गेलं. तिने नाकाने हवा ओढली, मग वाकून पाण्यातला एक दगड उलटला. खालच्या बाजूला करड्या रंगाचा बुळबुळीत थर होता. दुसरा उलटला, तिसरा उलटला. तीन शेपट्यांचा एकही किडा नाही. डोहाच्या कडेला दोन चिलवे तोंड वर काढून हवा गिळत होते.

"काय झालंय इथे?" आत्या म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. तिने वर नजर टाकली. टेकाडावर एक फार्महाउस होतं आणि ते सांभाळणारी सुमनबाई अंगणात भांडी घासत होती. "हिचंच काम हे. भांड्यांचं खरकटं सोडतेय डोहात. थांब, आज हिला सोडत नाही मी."

सुमनबाई दर रविवारी त्यांना माठातलं पाणी द्यायची. आताही तिने लांबून हात हलवला. "आ जाओ दीदी, पानी पी लो! बिटिया ने मछली पकड़ी क्या?"

आत्या दगड चढू लागली. एक पाय, मग दुसरा, तोंडाने पुटपुटत. ऋचाच्या हातात काठी होती. अंगठा वाळूत फिरत होता, गुडघा हलत होता. गप्प राहिलं तर हिमाचल. पांढरं पाणी, लाल ठिपके, मंदारदादाचं उतरलेलं तोंड, सगळंच. सुमनबाई काय, तिला चार शब्द बोलून आत्या परत येईल. ओरडाच बसेल फक्त. आणि नंतर माठातलं पाणी कोण देणार?

डोहातल्या माशाने पुन्हा हवा गिळली.

"आत्या, तिकडे जाऊ नको."

"का गं?"

"तिने काही केलं नाही." ऋचाने पिशवीतून तो दुसरा डबा काढला आणि पुढे धरला. आत उरलेल्या गोळ्या होत्या. "मी टाकते. दर रविवारी. आई तळ्यावर टाकते तशी."

आत्याने डब्यात पाहिलं, मग दोरावर लोंबणाऱ्या पांढऱ्या लोकरीकडे. मोठ्या तळ्यात पाणी अफाट आहे, इथे वाटीभर. तिने हे समजावून सांगितलं नाही. ऋचाला आंबूस वासाने ते समजलंच होतं.

"आणि तो चिलवा?" आत्याने शेवटी विचारलं.

"तो हिशेबात धरू नको," ऋचा म्हणाली. "तो माझा नाही. कणकेचा आहे."

"मेचं हिमाचल जाईल हं मग."

"माहितीये."

वरून सुमनबाईने पुन्हा हाक मारली. आत्याने हात हलवून "आते हैं" म्हटलं आणि खाली दगडावर बसली, गुडघा पसरून.

ऋचाने पांढरी माशी दोरातून कापली आणि खिशात टाकली. उरलेल्या गोळ्या पाण्यापासून लांब, एका करंजाच्या मुळाशी पुरल्या. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती रिकामा डबा घेऊन डोहात उतरली. तळावरचा आंबलेला करडा लगदा हळूच डब्यात भरला, पाणी ढवळू न देता काठावर आणला आणि करंजाखाली ओतला. वाटेत पायाखालचा एक दगड उलटला होता. ती थांबली, वाकली, आणि तो होता त्याच बाजूने नीट ठेवून पुन्हा डबा भरायला गेली.