धुरपताबाईच्या हातात न पेटलेला बल्ब

रंजीताच्या पत्राला शालिग्राम गुरुजींनी अजून उत्तर दिलं नव्हतं. कागद घेऊन ते कितीदा तरी बसले, 'चि. रंजीता, अनेक आशीर्वाद' इतकं लिहिलं, आणि पेनाला टोपण लावून टाकलं. पुढे लिहायचं काय, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

पत्रात एकच प्रश्न होता. 'गुरुजी, बल्ब कसा पेटतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. तांड्यावर एक बाबा आलाय. सगळ्यांच्या हातात तो बल्ब पेटवतो. मग माझ्या आजीच्याच हातात का पेटला नाही? काकांच्या बाळाला ताप आला होता. तो दवाखान्याच्या औषधाने उतरला, पण बाबा म्हणतो, बाळाला आजीची नजर लागली. काकांनी तिला शेतातल्या झोपडीत ठेवलंय. मी पुण्याहून फोन करते, पण माझं कोणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील.'

माझं? गुरुजी स्वतःशीच हसले. पत्नी तुळसाबाई गेल्यापासून मेडशीच्या त्या घरात त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. दूधवाल्याशी दोन शब्द झाले तर झाले, नाहीतर दिवस तसाच मावळायचा. तरुणपणीही ते फळ्याकडे तोंड करूनच जास्त बोलत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की शब्द अडखळत. तरी एका दुपारी छत्री घेऊन ते तांड्यावर गेले.

मंदिरासमोर ही गर्दी! मधोमध मखमली गादीवर तेजबाबा. गळ्यात माळा, हातात साधा पांढरा बल्ब.

"ना वायर, ना खांबा, ना बिल!" बाबा गरजला. "तुमची लाइन जाते, आमची जात नाई. हा ब्रह्मांडाचा करंट हाये, भाईयों! ज्याचं मन साफ, त्याच्या हातात उजेड!"

माणसं रांगेने येत. बाबा प्रत्येकाच्या तळहातावर तीर्थ घाली. ते पिऊन झालं की बल्बचं बूड त्याच तळहातावर टेकवी. लख्ख उजेड! बायका हात जोडत, बाबाचे चेले शंख फुंकत.

गुरुजींनी सगळा धीर गोळा केला. "या... या गादीखाली तार असेल," ते पुटपुटले.

"काय म्हणता, मास्तर? मोठ्यानं बोला!" बाबा उठून बाजूला झाला. "पाहा, खुशाल पाहा!"

गुरुजींनी गादी उलटली. खाली चार मुंगळे होते.

"गुरुजी, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळं अंगण हसलं. रंजीताचा काका भाऊसिंग पुढे आला. एकेकाळी तोही गुरुजींच्याच वर्गात बसला होता. तो हळूच म्हणाला, "तुमचं पुस्तकातलं हाये जी. हे देवाचं हाये. कायले हसं करून घेता?"

परतताना ते रंजीताच्या आजीच्या, धुरपताबाईच्या झोपडीवर थांबले. तुरीच्या कडेला चार पत्रे, एक चूल, एक खाट. ऊसतोडीत आयुष्य काढलेली ती म्हातारी कोयत्याने चरे पडलेले आपले तळहात उलटसुलट करून पाहत होती.

"माया हातातच काही खोट असन का जी?" तिने विचारलं. "लेकरू दुरून दिसते, तर सून त्याले पदराखाली लपवते."

तिने दिलेला काळा चहा गुरुजींनी मान खाली घालून संपवला.

घरी येऊन त्यांनी कपाटातलं विजेवरचं जुनं पुस्तक काढलं. बल्ब कसा जन्मला ते त्यांना तोंडपाठ होतं. काचेच्या गोळ्यातली हवा काढून घ्यायची आणि आत जाळून कोळसा केलेला धागा ठेवायचा. वीज बाहेरून आली की धागा तापून उजेड देई. असा टिकणारा धागा सापडेपर्यंत कापूस, कागद, बांबू, काय काय जाळून पाहिलं होतं! सुरुवातीला तर लोकांना सांगावं लागे, हा दिवा काडीने पेटवू नका. हे सगळं गुरुजींनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. असा एक बल्ब फोडून तांड्यावर दाखवावा, म्हणून ते रिसोडला गेले.

"तारेचा बल्ब?" दुकानदार हसला. "तो आता कोन घेते, काका? हा घ्या. लाइन गेली तरी चालते. आतमंदी बॅटरी असते." त्याने बल्ब घामेजल्या तळहातावर उभा धरला. लख्ख उजेड!

गुरुजी पाहतच राहिले. तार आपण बाहेर शोधली. बल्ब बदलत पुढे गेला, आपण मात्र पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बसून राहिलो.

तो बल्ब घेऊन ते थेट झोपडीवर गेले आणि शेजारच्या बांधावर काम करणाऱ्या भाऊसिंगला त्यांनी हाक मारली. भाऊसिंग कुरकुरत आला.

"आजी, हात धुवा," गुरुजी म्हणाले.

धुरपताबाईने हात धुतले, घागऱ्याला खसाखसा पुसले आणि तळहात पुढे केला. गुरुजींनी बल्ब टेकवला. अंधार!

"पाहा!" भाऊसिंग म्हणाला.

"हात पुसले काहून, आजी?"

"वा जी! लायनीच्या चिजेले ओला हात लावू नाई म्हंतात ना? तुमीच शाळेत शिकवलं, म्हने. रंजीतानं मले सांगलं. बाबाच्या तिथंबी मी पयले हात पुसला, मंगच धरला."

गुरुजींना गलबलून आलं. सगळ्या तांड्यात शहाणपणाने वागली ती एकटी, आणि शिक्षाही तिलाच. त्यांनी तांब्यातलं पाणी तिच्या तळहातावर ओतलं. बल्ब पेटला. त्या भेगाळलेल्या हाताच्या रेघा उजळल्या.

"बुडाशी दोन ठिपके आहेत," गुरुजी म्हणाले. आज त्यांचा आवाज अडखळत नव्हता. "ओल्या हाताने ते जोडले गेले की आतली बॅटरी चालू होते. हात कोरडा आणि घट्ट्यांचा असला तर नाही होत. भाऊसिंग, तीर्थाचं काम एवढंच. ही बॅटरी छोटी, म्हणून झटका नाही. पण भिंतीवरच्या बटनाला ओला हात आजही लावायचा नाही."

भाऊसिंगने आपला हात मातीत चोळला, बल्ब टेकवला. अंधार. हात ओला केला. उजेड. तो बल्ब उचलून तरातरा मंदिराकडे निघाला. गुरुजी मागोमाग.

"महाराज, हात पुसा," भाऊसिंग सगळ्यांदेखत म्हणाला, "आन् मंग पेटवा."

"मूर्खा, तेजाची परीक्षा घेतो?"

"पुसा ना जी! मन तर साफच हाये तुमचं!"

पुढच्या बायका हसल्या. कोणीतरी टॉवेल फेकला. बाबाने तो हातात घेतला नाही. "कोप होईल," म्हणत तो माळा सावरू लागला. मग एकेक माणूस येऊन दुकानातला बल्ब कोरड्या हाताने, ओल्या हाताने धरून पाहू लागला. सकाळी बाबाची जीप तांड्यावर नव्हती.

भाऊसिंगने आईची खाट डोक्यावर घेऊन घरी आणली. सुनेने बाळ तिच्या मांडीवर दिलं. काही जणी अजूनही तिला पाहून लेकरू पदराखाली घेतात. ते जायला वेळ लागेल.

गुरुजी त्या दिवशी रिकाम्या घरात टेबलाशी बसले आणि या वेळी पेन थांबलं नाही.

'चि. रंजीता, अनेक आशीर्वाद. तुझी आजी घरी आहे. तिच्या हातात खोट नव्हती, तिचा हात कोरडा होता. उशीर झाला, कारण मलाच माहीत नव्हतं. माहीत नाही असं म्हणायला लाजू नये, आणि तेवढ्यावर थांबूही नये. बल्ब असाच जन्मला: कोणीतरी विचारलं, करून पाहिलं, चुकलं, पुन्हा करून पाहिलं. चमत्कार दाखवणारा करून पाहू देत नाही, एवढी खूण लक्षात ठेव. कोणी माणसाला दोषी ठरवलं, तर आधी हात पुसून पाहायला सांग. सुट्टीत आलीस तर मेडशीला उतर. बोलायला कोणी असलं की बरं वाटतं.'

शेवटचं वाक्य खोडावं की काय, असं त्यांना वाटलं. खोडलं नाही. पाकीट चिकटवून ते एसटी स्टँडजवळच्या पेटीपाशी गेले आणि पत्र आत सोडलं.