दुपारी एक ते चार

मी एक जुना कूलर आहे. लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंना जाळ्या असलेला, निळ्या रंगावर तीनदा पुन्हा निळाच रंग चढलेला. मित्रांनो, माझ्यासारखे कूलर अकोल्यात घरोघरी आहेत, त्यामुळे माझ्यात विशेष असं काही नाही. पण मी अठरा उन्हाळे एकाच खोलीच्या खिडकीत उभा राहिलो आणि त्या खोलीतलं सगळं बोलणं ऐकलं. शेवटच्या उन्हाळ्यात जे घडलं, ते घडत असताना माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. म्हणून सांगतो.

अकोल्यातल्याच एका लहानशा कारखान्यात पत्रा कापून, वाकवून आणि रिबिटा ठोकून मला तयार केलं गेलं. २००८ च्या एप्रिलमध्ये खुशालराव मला घ्यायला आले. ते बाजार समितीत मापारी होते. शेतकऱ्यांनी आणलेल्या तुरीचं आणि सोयाबीनचं वजन करणं हे त्यांचं काम. वस्तू हातात घेतल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नसे. त्यांनी माझ्या अंगावर दोन ठिकाणी बोटानं टकटक केली आणि दुकानदाराला म्हणाले, "बावीस गेजचा पत्रा सांगून राहिला तू. हा चोवीसचा हाय." पत्रा खरंच पातळ होता. दुकानदारानं दीडशे रुपये कमी केले.

माझी कामाची वर्षं चांगली गेली. दरवर्षी होळी झाली की शेजारचा साजिद यायचा. त्याचं मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान होतं. तो माझा पंप साफ करायचा, मोटारीत तेल घालायचा आणि जाळ्यांत नवं गवत भरायचा. पहिल्यांदा पाणी सुटलं की ओल्या गवताचा वास सगळ्या खोलीत पसरायचा. गल्लीतल्या बाया दुपारी निवडायचे गहू घेऊन माझ्यासमोर येऊन बसायच्या. "खुशालरावच्या कूलरसारखी हवा कोनाचीच नाही," असं त्या म्हणायच्या. ते ऐकून मला बरं वाटे, हे मी लपवत नाही.

पुढे खुशालरावांची पत्नी वारली. ते निवृत्त झाले. मुलगा शुभम दालमिलमध्ये मशीनवर लागला. त्याचं लग्न झालं आणि चांदूर बाजारची माधवी या घरात आली.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मिल आठवड्यातून तीनच दिवस चालू लागली. शुभमचा पगार पंधरा हजारांवरून नऊ हजारांवर आला. खुशालरावांना रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. त्यांना महिन्याला चौदाशे रुपये लागत. गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे माधवीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते चौदाशे रुपये घरखर्चातूनच काढायचे, असं तिनं ठरवलं.

दर रविवारी सकाळी सासरा आणि सून माझ्यासमोर बसत. माधवीच्या मोबाइलवर दोन मोठ्या दुकानांच्या जाहिराती उघडलेल्या असत. एक दुकान बायपासला होतं, दुसरं गोरक्षण रोडवर. तिसरा भाव गल्लीतल्या सत्तारभाईंच्या किराण्याचा. कोणती वस्तू कुठून घ्यायची, हे ती एका वहीत लिहायची. खुशालराव पाकिटं हातात तोलून पाहायचे.

"हे अर्ध्या किलोचं नाही वो," ते एकदा साबणाच्या पुडीबद्दल म्हणाले.

माधवीनं पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. साडेचारशे ग्रॅम होतं.

"भाव तोच ठेवला न वजन कमी केलं, मामाजी."

"बाजार समितीत असं केलं असतं तं शेतकऱ्यानं मापारी पोत्यात भरला असता."

मोबाइलचं रिचार्जही त्यांनीच पकडलं. महिन्याचं म्हणून घेतलेलं रिचार्ज अठ्ठावीस दिवसांतच संपत होतं, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा वेळा पैसे जात होते. "अठ्ठावीस दिवसाचा महिना कोन्या पंचांगात हाय?" असं विचारून त्यांनी स्वतःचा मोबाइल बंदच करून टाकला. एकदा माधवी बायपासच्या दुकानात तेल स्वस्त आहे म्हणून निघाली, तर ते म्हणाले, "ऑटोचे जायचे वीस, यायचे वीस. मंग तेल कितीले पडलं?"

"पायीच जाईन ना, मामाजी."

"मंग चपलेचे पैसे लिहिजो वहीत."

माधवी हसली आणि पायीच गेली. त्या महिन्यात तिनं चौदाशे दहा रुपये वाचवले. खुशालरावांनी वहीतला आकडा दोनदा वाचला आणि शुभमला म्हणाले, "मापारी व्हायची लायकी होती हिची." त्या घरात यापेक्षा मोठं कौतुक कोणी कोणाचं केल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या खाली येईना. माधवीनं फ्रीज बंद करून माठ ठेवला होता. विजेचं बिल शंभर युनिटांच्या आत ठेवायचं, हा तिचा नियम होता. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत तिनं पाहिलं होतं, की शंभराच्या पुढे एक युनिट गेलं तरी सगळीच्या सगळी युनिटं महाग भावानं लागतात. तिनं ते खरं मानलं. खुशालरावांनीही मानलं. तिनं दिलेला आकडा त्यांनी आजवर चुकीचा ठरलेला पाहिला नव्हता.

मीटरचं रीडिंग तीस तारखेला घ्यायला येत. बावीस तारखेच्या सकाळी खुशालरावांनी चष्मा लावून मीटर वाचलं. ऐंशी युनिटं झाली होती. आठ दिवस बाकी होते आणि रोज साडेतीनच्या वर युनिटं जळत होती.

"शंभर पार होते, मामाजी," माधवी म्हणाली. "रात्री दोन तास कूलर कमी लावू. शुभमले मी सांगतो. पन तुमचा दुपारचा बंद नाही करायचा."

"बरं," खुशालराव म्हणाले.

त्याच आठवड्यात गोरक्षण रोडवरच्या दुकानानं नवी सूट काढली होती. उन्हात गिऱ्हाईक येत नव्हतं, म्हणून दुपारी एक ते चार भाजी आणि डाळींवर पंधरा टक्के कमी. माधवी डोक्याला ओला दुपट्टा बांधून, पिशव्या घेऊन साडेबाराला निघायची. शुभम मिलमध्ये किंवा कुठे काम मिळतं का ते पाहायला बाहेर असे. घरात खुशालराव आणि मी.

बावीस तारखेला ती फाटकाबाहेर गेली. खुशालरावांनी तिला वळणापर्यंत जाताना पाहिलं. मग ते उठले, माझ्याजवळ आले आणि बटण बंद केलं. माझा पंखा थांबला. ते बनियन काढून, ओला पंचा छातीवर घेऊन फरशीवर पडून राहिले. पावणेचारला उठून त्यांनी मला पुन्हा सुरू केलं. माधवी आली तेव्हा खोलीत गार हवा होती आणि ते खाटेवर पेपर वाचत होते.

मित्रांनो, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस आणि सत्तावीस, रोज हेच झालं. सकाळी ते मोठ्यानं मीटर वाचायचे आणि माधवी वहीत लिहायची.

"कालचे अडीचच जळले?" तिनं विचारलं.

"मीटरही समजदार झालं आता. तुह्या संगतीनं."

ती खूश झाली. रात्रीचे दोन तास कमी केले त्याचाच हा फायदा, असं तिला वाटलं. तो इतका असू शकत नाही, हे हिशेबात बसणारं होतं. पण त्या आठवड्यात तिनं तो हिशेब केला नाही. सव्वीसला खुशालरावांनी दुपारची भाकर तशीच ठेवली आणि नंतर गाईला घातली. सत्तावीसला बटणाकडे येताना त्यांनी दोनदा भिंतीला हात लावला. हे सगळं मला दिसत होतं. मला हवा देता येते, आवाज देता येत नाही.

अठ्ठावीस तारखेला त्यांनी एक वाजून पाच मिनिटांनी मला बंद केलं. अडीचच्या सुमाराला ते पाण्यासाठी माठाकडे निघाले आणि खाटेपर्यंत येऊन बसले. मग आडवे झाले. पावणेचार वाजले. ते उठले नाहीत.

माधवी चार वाजून दहा मिनिटांनी आली. हातात दोन किलो टोमॅटो आणि तुरीच्या डाळीची पिशवी होती. दार उघडताच गरम वाफ तिच्या तोंडावर आली. खुशालरावांचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घाम अजिबात नव्हता. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते तिला ओळखत नव्हते. तिनं माठ त्यांच्या अंगावर रिकामा केला आणि साजिदला हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना ऑटोत घातलं.

तीस तारखेला पहाटे ते दवाखान्यात वारले. दुपारी मीटरचं रीडिंग घेणारा आला, तेव्हा दारात बऱ्याच चपला होत्या. त्यानं बाहेरूनच रीडिंग घेतलं आणि तो गेला. बिलात सत्त्याण्णव युनिटं आली.

तेरावं झाल्यावर माधवीनं साजिदला बोलावलं. कूलर त्या दिवशी अचानक बंद पडला, असं ती सगळ्यांना सांगत होती. तिला ते खरंच वाटत होतं. माझ्यात काय बिघडलं होतं, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

साजिदनं जाळी काढली, मोटार पाहिली, पंप पाहिला, वायर तपासली. मग बटण दाबलं. मी लगेच सुरू झालो.

"भाभी, याच्यात काहीच खराबी नाही."

"मंग त्या दिवशी बंद कसा पडला?"

साजिदनं जाळी पुन्हा बसवली. माधवी आत जाऊन वही घेऊन आली. मे महिन्याचे आकडे तिनं बोट ठेवून वाचले. बावीसपर्यंत साडेतीनच्या वर, पुढे रोज अडीच. रात्रीच्या दोन तासांचं किती होतं, हे तिनं आता काढलं. उरलेलं कुठून आलं, हे तिला कळलं. ती खाली बसली.

तिनं विचारलं, "शंभर पार झाले असते तं बिल कितीनं वाढलं असतं?"

"सोडा ना, भाभी. आता हा हिशेब नका करू."

"सांगा."

साजिदला विजेचे दर ठाऊक होते. शंभराच्या वरची जेवढी युनिटं, तेवढ्यांनाच महाग भाव लागतो, पहिल्या शंभरांचा भाव बदलत नाही, हे त्यानं सांगितलं. दुपारचे तीन तास म्हणजे अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त. सात दुपारी म्हणजे चार युनिटं.

"पन्नास रुपये," तो म्हणाला. "फार तं पंचावन."

माधवीनं तो आकडा लिहिला नाही. तिनं वही मिटली आणि माझं बटण बंद केलं. त्यानंतर तिनं मला कधी सुरू केलं नाही. उरलेला जून ती आणि शुभम छताच्या पंख्याखाली झोपले. रविवारचा हिशेब थांबला. ती सत्तारभाईंकडून सांगेल त्या भावानं सामान आणू लागली. शुभम एकदा म्हणाला, "तुही चूक नाही वो. बाबांनीच बंद केला." तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं. मलाही ते पटलेलं नाही. त्यांनी बटण बंद केलं ते तिचा आकडा जिंकावा म्हणून, आणि आकडा जिंकायचा होता तो त्यांच्याच गोळ्यांसाठी. यात कोणाला दोष द्यायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या वर्षी होळीनंतर साजिद आला नाही. माझ्या टाकीला खालून गंज लागला होता. भंगारवाला गल्लीत आला तेव्हा माधवीनं मला बाहेर काढायला सांगितलं. किलोला किती देतो, हे तिनं विचारलं नाही. त्यानं हातावर ठेवले ते पैसे तिनं न मोजता घेतले.

आता मी भंगाराच्या आवारात आहे. माझ्या बाजूला आणखी सहा कूलर आहेत. आठवडाभरात आमचा पत्रा कापला जाईल. माझी काळजी घ्या, असं मी म्हणत नाही. त्याची वेळ गेली. भाव पाहा, वजन पाहा, बिल वाचा. पैसा वाचवणं वाईट नाही, आणि माझ्या घरात त्याची गरज खरी होती. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस असेल आणि ते भर मे महिन्यात "मले नाही उकडत" असं म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. दुपारी मध्येच एकदा घरी या. त्याला काही विचारत बसू नका. आधी बटण दाबा.