देसबाचे हात

रेल्वेचे रूळ बदलता बदलता डेलबर्टची पाठ गेली आणि तो अख्खा हिवाळा तो बायकोच्या माहेरी शेगडीशी बसून राहिला. त्यांच्या जमातीत घरजावई असण्यात कमीपणा नव्हता. बसून खाण्यात होता.

सासू देसबा अंगणापलीकडच्या होगनमध्ये, मातीने लिंपलेल्या गोल लाकडी घरात, राहायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. सासू-जावयाची नजरानजर झाली की डोळे जातात, हे दोघंही मानत.

बर्फावरून घसरून देसबाचं मनगट मोडलं, तेव्हा गालिच्यासाठी मागावर उभे धागे नुकतेच ताणले होते. "रिकामा माग बघवत नाही गं," ती रोज लेकीला म्हणायची. पण वर्लीनला, म्हणजे डेलबर्टच्या बायकोला, दवाखान्याच्या नोकरीतून सवड नव्हती. एकदा जेवताना डेलबर्ट म्हणाला, "मी विणलं तर?"

"तू? तुला शर्टाचं बटण लावता येत नाही."

तरी तिने आईच्या कानावर घातलं. निरोप आला, "माझे मामा विणायचे. ये म्हणावं. मध्ये चादर बांध."

मागाच्या अलीकडे डेलबर्ट, चादरीपलीकडे देसबा. जावयाशी थेट बोलायचं नाही, म्हणून ती कुत्र्याशी बोलायची.

"कबऱ्या, त्याला सांग, फणी आहे ती, कुऱ्हाड नव्हे."

"कबऱ्या, त्यांना सांग, हळू ठोकलं तर लोकर बसत नाही."

तो गेल्यावर ती विणलेलं चाचपून बघायची. एका सकाळी त्याला हातभर वीण उसवलेली दिसली. तो तसाच मागे फिरला आणि पुढे कित्येक दिवस तिकडे गेला नाही. कोणी बोलवायलाही आलं नाही. शेवटी रिकामे हात त्यालाच सोसेनात. तो मुकाट्याने जाऊन बसला, आणि पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

वर वीतभर जागा उरली, तेव्हा धागे इतके ताठ झाले की बोट शिरेना. सुईने ओवायचं होतं, पण सांगून त्याला कळत नव्हतं. मग देसबाने चादर खाली ओढली. दोघांच्या मध्ये आता गालिचाच होता. उरलेल्या फटीतून दोन हात आले.

एक मनगट वाकडं बसलेलं. अंगठे बाहेर वळलेले, वर्लीनचे असतात अगदी तसे. त्या हातांनी सुई घेतली, एक धागा उचलला, एक दाबला, सुई परत दिली. तो चुकला की पेरावर टिचकी बसायची. बोटं गारठलेली होती. इतकी वर्षं आपण नुसत्या आवाजाला घाबरत होतो, असं त्याच्या मनात आलं. त्याने उठून शेगडीत लाकूड सारलं.

गालिचा उतरला. एका बाजूने निमुळता झाला होता. दुकानात द्यायचा विषय निघाला, तर देसबाने तो आपल्या पलंगावर टाकला.

"फारच वाईट झालाय का?" डेलबर्टने बायकोला विचारलं.

"आई म्हणते, पहिला विकायचा नसतो. आणि उद्या लोकर धुवायचीय. आई धुऊन निघून जाईल, पिळायचं तुझ्याकडे."

डेलबर्टने हातातला कॉफीचा कप खाली ठेवला आणि तो मोठी घमेली शोधायला बाहेर गेला.